नववी ‘ब’चं राखीव अज्ञान

किशोरवयीन मुलींच्या आरोग्यशिक्षणावर शाळेत संशोधन होणार, असं परिपत्रक आलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद नववी ‘ब’मधल्या चौकशी खिडकीला झाला. हे नाव वर्गानं तिला प्रेमानं दिलेलं, कारण तिला प्रश्न फार पडत. सध्या मात्र एकच पडला होता. पाळीत तिचं पोट इतकं दुखे, की दर महिन्याला दोन दिवस शाळा बुडे. हे सगळ्यांचंच असं असतं, की आपलंच काही बिघडलंय?

संशोधक आले. कडक इस्त्री, गळ्यात ओळखपत्र, आवाज लोण्यासारखा. त्यांनी समजावलं, की ‘अ’ तुकडीला आरोग्याची माहिती मिळेल आणि ‘ब’ तुकडीला मिळणार नाही. ‘ब’ म्हणजे तुलना गट. माहिती न मिळाल्यानं काय होतं, हे शास्त्राला बघायचं होतं.

“कधीपर्यंत नाही मिळणार, सर?” चौकशी खिडकीनं विचारलं.

“निष्कर्ष येईपर्यंत. तुमचं अज्ञान आमच्यासाठी फार मोलाचं आहे, बाळ. जपा.”

मग जपणूक सुरू झाली. विज्ञानाच्या बाईंनी पुस्तकातलं ते प्रकरण चारी बाजूंनी स्टेपल करून घेतलं. तसंही त्या ते दरवर्षी ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देत. आता निदान लेखी आदेश होता. आरोग्य खोलीतला शरीराचा तक्ता भिंतीकडे तोंड करून टांगला गेला. ‘अ’च्या मुलींकडून माहिती गळू नये म्हणून मधल्या सुट्टीत जिन्यावर शिपाईमामा उभे राहिले. शाळेच्या नर्सताईंना सगळं ठाऊक होतं, म्हणून त्यांना बोलायचीच मनाई झाली. शेवटी घरोघरी हमीपत्रं गेली: मुलीला घरीही काही सांगणार नाही. चौकशी खिडकीच्या आईनं ते दोनदा वाचलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

“एवढंच ना? हे तर मी आधीपासूनच पाळतेय,” असं म्हणत तिनं सही ठोकली.

तिसऱ्या महिन्यात गणिताच्या तासाला फळ्यापाशी चौकशी खिडकी उभ्या उभ्या कोसळली. नर्सताई धावत आल्या. त्यांच्यामागून वही घेऊन संशोधक. ताईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोलायला तोंड उघडलं, तसे ते अदबीनं खाकरले. पाणी पाजायला त्यांची हरकत नव्हती. फक्त झालंय काय, ते सांगायचं नव्हतं.

“ताई,” पांढऱ्याफटक ओठांनी ती म्हणाली, “सगळ्यांचंच एवढं दुखतं का हो?”

ताईंनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

“नाही गं. इतकं दुखलं तर सोसत बसायचं नसतं, डॉक्टरांना दाखवायचं असतं. उपाय असतात त्यावर. चल, आजच जाऊ. मी येते.”

संशोधकांचा चेहरा खर्रकन उतरला. चाळीस मुलींची निर्मळ आकडेवारी, आणि तिच्यावर हा डाग. त्यांनी अहवालात जड हातानं लिहिलं: ‘माहिती मिळाल्यामुळे एक सहभागी गमावली.’ त्याखाली मुख्य निष्कर्ष: या वयाच्या मुली आरोग्याविषयी प्रश्न विचारत नाहीत. परिषदेत टाळ्या पडल्या आणि अभ्यासाला पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली.

चौकशी खिडकीवर उपचार सुरू आहेत. हल्ली तिची शाळा बुडत नाही. शास्त्राच्या दृष्टीनं ती कायमची वाया गेली.

उरलेल्या एकोणचाळीस जणी सुखरूप आहेत. त्यांच्यासारखी एखादी तुमच्याही घरी राहत असेल. तिनं काही विचारलंच, तर काय करायचं हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्याकडून हमीपत्र घ्यायचीसुद्धा कधी गरज पडली नाही.