सातावर एक

दौलतनाना आठ हा आकडा उच्चारत नाहीत. बेकरीत आठ पाव हवे असले की ते काउंटरवर सात बोटं उभी करतात, क्षणभर थांबतात आणि मग एक बोट वेगळं दाखवतात. तोंडाने म्हणतात, "सातावर एक." त्यांच्या मुलीच्या घराचा नंबर अठ्ठावीस. तो ते "सत्तावीसच्या पुढचं दार" असा सांगतात. वय विचारलं तर "ऐंशीला दोन कमी."

दुसरी खोड याहून वरताण. नाना जे बोलतील ते समोरच्याने परत म्हणून दाखवायचं. "आता तू म्हण," असं ते सांगतात आणि समोरचा म्हणेपर्यंत हलत नाहीत.

एकदा त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून मी सोबत दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई डच, उंचीने दाराच्या चौकटीला टेकलेल्या. नाना त्यांना म्हणाले, "नी. लेफ्ट. पेनिंग. नाऊ यू से."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"नी, लेफ्ट, पेनिंग," बाई म्हणाल्या.

"करेक्ट. ओव्हर."

बाईंनी गुडघा दाबून पाहिला आणि इथल्या रीतीप्रमाणे पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं. मग हाताची घडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "नाऊ यू से."

"पॅरासिटामॉल," नाना म्हणाले.

"करेक्ट," बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून नानांचं या देशाबद्दलचं मत फार चांगलं झालं आहे.

सायकलवरही तेच. डावीकडे वळताना हात बाहेर काढून ते "लिंक्स!" असं ओरडतात. डचमध्ये लिंक्स म्हणजे डावीकडे. मागचा सायकलवाला "लिंक्स" म्हणेपर्यंत हात आत घेत नाहीत. एकदा मागून एक आजीबाई खणखणीत आवाजात ओरडल्या, "लिंक्स, मेनेर!" म्हणजे "डावीकडे, साहेब!" नाना आठवडाभर सांगत होते, "शिस्त आहे या लोकांत, पुणेकर. पक्की शिस्त."

पुणेकर म्हणजे मी. मी इथल्या रायस्वाइक गावात मुलाकडे राहतो, नाना दोन गल्ल्या पलीकडे मुलीकडे. आमच्या मराठी मंडळींत नानांच्या नकला करतात, आणि त्या चांगल्या होतात. मीही हसतो.

पण या दोन्ही सवयी त्यांना कुणी लावल्या हे त्या हसणाऱ्यांत फक्त मला माहीत होतं. त्या मी लावल्या. आता पंचाहत्तरी उलटली आहे, म्हणून लिहून ठेवतो.

एकाहत्तरच्या लढाईत आम्ही एकाच तुकडीच्या वायरलेसवर होतो. नाना नाईकाच्या हुद्द्यावर, मी नवा शिपाई. आमचं बोलणं पलीकडचे ऐकायचे. हिंदी, पंजाबी त्यांना आमच्याइतकीच येत होती आणि सांकेतिक पुस्तक उघडून एकेक शब्द लावत बसायला वेळ नसायचा. एके दिवशी आमच्या मेजरसाहेबांनी नाना आणि वायरलेसवरचाच दुसरा जवान सुपडू यांना बिडी ओढत गप्पा मारताना ऐकलं. दोघं खानदेशातले, एकाच तालुक्यातले. बोलत होते अहिराणी. साहेब मराठी होते, तरी त्यांना निम्मं कळलं नाही. ते म्हणाले, "हेच वायरलेसवर बोला."

मग त्या दोघांनी शब्द ठरवले. रणगाडा म्हणजे हेला, म्हणजे रेडा. तोफगोळा म्हणजे वांगं. विमान म्हणजे घार. आणि मेजरसाहेब म्हणजे सासरा. "सासरा उना," म्हणजे सासरा आला, असं वायरलेसवर आलं की पुढच्या चौकीवर सगळे शर्टाची बटणं लावायचे. साहेबांना याचा अर्थ शेवटपर्यंत कुणी सांगितला नाही.

नाना पुढे, शत्रूच्या तोंडावर, एका कोरड्या कालव्यात सेट घेऊन पडलेले. सुपडू मागे आमच्या खंदकात. डोक्यावरून गोळे जात असताना नानांचा आवाज असा यायचा, जणू कुणी ओसरीवर बसून दुसरा चहा मागवतंय. आधी पुस्तक उघडून अर्धा तास लागणारा निरोप आता मिनिटात पोचायचा. पलीकडचे दहा दिवस ऐकत राहिले आणि त्यांच्या हाती रेडे आणि वांगी यांपलीकडे काही लागलं नाही. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली. त्या दोघांसारखी करामत पाहिली नाही.

मी शेजारी बसून ऐकायचो. ऐकून ऐकून मला वाटायला लागलं की मलाही अहिराणी येते.

एका दुपारी सुपडू तापाने फणफणला. सेटवर कुणाला बसवायचं? "मला समजतं, साहेब," मी म्हणालो. कुणी मला विचारलं नव्हतं.

तासाभराने नानांचा आवाज आला. "आठे हेला शेत. आठेच वांगा टाका."

अहिराणीत आठे म्हणजे इथे. शेत म्हणजे आहेत. नाना सांगत होते की रणगाडे इथे आहेत, अगदी माझ्यापाशी, इथेच गोळे टाका. स्वतःच्या डोक्यावर गोळे मागत होता तो माणूस, त्याच चहाच्या आवाजात.

मी पुण्याच्या कानाने ऐकलं आणि लिहिलं: आठ रणगाडे. शेतात. आठ गोळे टाका.

नकाशावर जवळच उसाचं शेत होतं. सगळं कसं जुळलं. नियम असा की ऐकणाऱ्याने निरोप शब्दाला शब्द परत म्हणायचा आणि सांगणाऱ्याने "बरोबर" म्हटल्यावरच पुढे द्यायचा. मी "आठ" एवढं जरी परत म्हटलं असतं तरी नाना तिथून किंचाळले असते. पण मला घाई होती, आणि साहेबांसमोर मला अहिराणी येत होती.

गोळे रिकाम्या उसात पडले. रणगाडे दोनच होते. ते नानांच्या कालव्यावरून गेले, काठ खचला, नाना आणि त्यांचे सोबती मातीखाली सापडले. सगळे जिवंत निघाले ते नशीब. नानांचा डावा कान मात्र कायमचा गेला.

चौकशी झाली. साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला. "निरोप परत म्हणून दाखवला होतास?"

"होय, साहेब," मी म्हणालो. "दोनदा. ते आठच म्हणाले."

नाना समोर उभे होते. कानातून कापूस बाहेर आलेला, आणि मातीखालून निघाल्यापासून त्या दुपारचं त्यांना धड काही आठवत नव्हतं. ते माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "म्हटलं असेन, साहेब. भीतीने जीभ वळली असेल." अहवालात "गावठी बोलीमुळे गोंधळ" असं लिहिलं गेलं. तो प्रयोग बंद झाला. नानांची रवानगी स्वयंपाकाच्या कोठारात झाली आणि उरलेली नोकरी त्यांनी तिथेच काढली.

मग थेट म्हातारपणी, इथल्या दिवाळीच्या कार्यक्रमात नानांनी मला ओळखलं आणि सगळ्यांसमोर मिठी मारली. "हा माझा पुणेकर! लढाईतला!" माझा फराळ ताटातच राहिला.

नाना आता शुद्ध मराठी बोलतात, थोडी पुस्तकी. मुलगी वैशाली लग्न होऊन नवऱ्यामागे इकडे आली, आता इथल्या नगरपालिकेत नोकरी करते. तिला अहिराणीचा एक शब्द येत नाही. ती सांगते, "आई बोलायची ना, काका. बाबा उत्तर मराठीत द्यायचे. आम्हाला म्हणायचे, ती भाषा नको, घात करते." आई जाऊन आता सहा वर्षं झाली. सुपडू त्याआधीच गेला.

एकदा सकाळी मी कालव्याकाठी नानांना पाठमोरं पाहिलं. पाण्यात एक करडा बगळा उभा होता. नाना त्याला अहिराणीत विचारत होते, "कसं काय, भाऊ? जेवण व्हयनं का? आज एकलाच शे?" बगळा ऐकत होता. माझी चाहूल लागताच नाना गप्प झाले, आणि मग मोठ्याने म्हणाले, "हवा बरी आहे, पुणेकर. आता तू म्हण."

"हवा बरी आहे," मी म्हणालो.

गेल्या रविवारी दुपारी वैशालीकडे जेवायला होतो. टीव्हीवर एक माहितीपट लागला. अमेरिकेतले नावाहो जमातीचे म्हातारे सैनिक, छातीवर पदकं. वैशाली खालची डच अक्षरं वाचून सांगत होती. महायुद्धात हे लोक वायरलेसवर आपल्या भाषेत बोलायचे. रणगाड्याला कासव म्हणायचे, हातबॉम्बला बटाटा. जपान्यांना काही कळलं नाही. लहानपणी शाळेत हीच भाषा बोलली म्हणून त्यांना शिक्षा व्हायची.

नाना खुर्चीच्या टोकावर आले होते. "बटाटा!" ते म्हणाले. "आणि आमचं वांगं!"

"म्हणजे? बाबा, तुम्हीपण असं केलंय?"

"केलं होतं दहा दिवस." ते परत मागे टेकले. "त्यांची भाषा चालली. आमचीही चालली असती, पण मी ऐन वेळी चुकलो. भाषेचं नाव खराब केलं."

टीव्हीवरचा म्हातारा त्याच्या भाषेत काहीतरी गात होता. मी उठलो, टीव्ही बंद केला आणि नानांच्या उजव्या बाजूला, चांगल्या कानापाशी, जाऊन बसलो.

"नाना, तुम्ही 'आठे'च म्हणाला होता. मी 'आठ' ऐकलं. परत म्हणून दाखवलं नव्हतं. एकदाही नाही. साहेबांपुढे मी खोटं बोललो."

वैशालीने हातातली वाटी खाली ठेवली. नानांनी माझ्याकडे पाहिलं, चौकशीच्या दिवशी पाहिलं होतं तसंच.

"परत म्हण," ते म्हणाले.

मी परत म्हटलं.

"अजून एकदा."

मी तिसऱ्यांदा म्हटलं. नानांनी मान हलवली. "म्हणजे मी बरोबर बोललो होतो," ते स्वतःशीच म्हणाले. मला शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

मग त्यांनी वैशालीकडे हात केला.

"आठे ये, माय."

वैशाली गोंधळली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आठ? आठ काय, बाबा?"

नाना हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढावा लागला. मग चष्मा तसाच हातात धरून, डोळे पुसत, त्यांनी शेजारची जागा थोपटली.

"आठ नही, माय. आठे." ते हळू, एकेक अक्षर सुटं करत म्हणाले. "आता तू म्हण."

"आठे," वैशाली म्हणाली, आणि तिथे जाऊन बसली.