फटफटीच्या गाण्याचा शेवट

आमच्या रेडिओ केंद्रावर रोज सकाळी जुनी रॉक गाणी लागतात. गाणं झालं की श्रोते फोन करून आपली प्रतिक्रिया थेट रेडिओवर कळवतात आणि त्या प्रतिक्रिया रीतसर स्वीकारण्यासाठी केंद्राने एक प्रतिक्रिया अधिकारी नेमलेला आहे. तो मी. या पदासाठी गाण्यातलं काही कळण्याची अट नव्हती आणि ती मी तंतोतंत पूर्ण करतो.

श्रोत्यांचं सगळ्यात लाडकं गाणं म्हणजे फटफटीचं गाणं. त्याचं खरं नाव कोणाच्या जिभेला वळत नाही. पण सुरुवातीला त्यातली गिटार अशी काही घरघरते, की कोणीतरी थंडगार फटफटीला किक मारून मारून मेटाकुटीला आलंय असं वाटतं, म्हणून हे नाव पडलं. हे गाणं लागलं की पहिला फोन दंतवैद्य बाईंचा. "अहो, तो शेवट! शेवट ऐकला आणि अंगावर काटा आला!" मागोमाग बेकरीवाला. "शेवटाला तोड नाही साहेब. काटाच आला." मग निवृत्त न्यायाधीश, सावकाश घसा साफ करून. "शेवट. काटा. सर्वांगावर." मीही प्रत्येकाला सांगायचो, "अगदी माझ्या मनातलं बोललात! त्या शेवटाला माझीही तीच अवस्था होते." वास्तविक गाणी चालू असताना मी चहा पीत असे.

या सगळ्यात अडचण झाली ती माझ्या सासऱ्यांची. त्यांचं आयुष्य छापखान्यात गेलं. तिथे रेडिओ होता, त्यावर हे गाणं लागायचं, पण ते रंगात आलं की छपाईचं यंत्र सुरू व्हायचं आणि पुढचं सगळं खडखडाटात बुडायचं. त्या खडखडाटाने शेवट तर खाल्लाच, वर एक कानही खाल्ला. आता दुसऱ्या कानाची शस्त्रक्रिया ठरली होती आणि सर्जनने सांगितलं होतं, की कान राहील किंवा जाईल, खात्री नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "कान जायचा तर जाऊ दे. पण तो शेवट ऐकल्याशिवाय नको. आख्खं गाव काटा काटा म्हणतंय आणि मी आपला कोरडाच!"

"मोबाइलवर लावून देऊ का?"

"मोबाइलवर तुमच्या सासूबाईही बोलतात. मला रेडिओवर हवंय."

यात अशक्य असं काहीच नव्हतं. गाणं रोज लागत होतं. पण नेमकं त्याच आठवड्यात आमच्या संचालक साहेबांनी मला बोलावलं.

"सगळ्यांनाच काटा कसा येतो हो? खरा येतो, की नुसता म्हणायला येतो?"

मी तातडीने परिपत्रक काढलं: "ज्या श्रोत्यांना काटा आल्याचा दावा आहे, त्यांच्या काट्याची पडताळणी करण्यात येईल." आमच्या कारकुनाने 'काटा' हा शब्द वाचला आणि हाताच्या सवयीने त्याची एक प्रत वजनमापे खात्याला लावून दिली. त्या खात्याचं उत्तर उलट टपाली आलं. काटा हा विषय पूर्णपणे त्यांच्या अखत्यारीत येतो आणि शिक्का नसलेला कोणताही काटा सार्वजनिक वापरात आणणं हा गुन्हा आहे! हे वाचून साहेब इतके खूश झाले की त्यांनी मला खुर्ची दिली.

दुसऱ्या दिवसापासून निरीक्षक श्रोत्यांच्या घरोघरी फिरू लागले. गाणं चालू असताना बाही वर करायची, निरीक्षकांनी भिंगातून हात बघायचा आणि काटा दिसला की दंडावर शिक्का मारायचा. काटा हमखास दिसायचा, कारण निरीक्षकांचे हात बर्फासारखे गार होते. बेकरीवाल्याने आपला पाव तोलायचा काटाच काढून पुढे ठेवला. "याच्यावर जुना शिक्का आहे, तो चालेल का?" चालला. न्यायाधीशांना एकाच दंडावर शिक्का मिळाला म्हणून ते अपिलात गेले आणि दुसऱ्या दंडावरही मिळवून आले.

मग निरीक्षकांनी एक रास्त तक्रार केली. गाणं लांबलं तर काटा बसतो आणि बसलेल्या काट्यावर शिक्का मारणं नियमात नाही. म्हणून गाणं निम्म्यावर थांबवायचं ठरलं. तरीही सगळी घरं उरकेनात, तेव्हा गाण्याच्या आधीच प्रतिक्रिया घ्यायची सोय केली. तिला आम्ही "आगाऊ प्रतिक्रिया" असं नाव दिलं आणि त्या नावाला कोणी हसलं नाही. हळूहळू गाण्याची उरली ती फक्त फटफटी. दोन किका बसायच्या, की लगेच दंतवैद्य बाई: "काय तो शेवट!" श्रोत्यांची संख्या भराभर वाढली. ज्यांना रॉक मुळीच सोसत नव्हतं, तेही आता आवडीने ऐकू लागले.

इकडे घरात माझी धडगत राहिली नव्हती.

"अहो, बाबा रोज रेडिओला कान लावून बसतात," बायको म्हणाली, "फटफटी सुरू झाली की डोळे मिटतात, आणि मग ती दंतवैद्यीण! उद्या त्यांना दवाखान्यात न्यायचंय. तुमच्या केंद्रावर गाणं सोडून बाकी सगळं लागतं का हो?"

"धोरणात्मक बाब आहे ती."

"मग धोरणाबरोबरच संसार करा."

सासरे तिथेच बसले होते. त्यांना काही ऐकू गेलं नसावं. ते माझ्याकडे बघून नुसते हसले. मी म्हटलं, "मामा, आज पूर्ण लावतो. शब्द आहे माझा."

निवेदिकेला सांगितलं, तर ती बावचळली. "पूर्ण? म्हणजे, गाणं?" तिने तंत्रज्ञाला विचारून खात्री करून घेतली की फटफटीच्या पुढेही त्यात काहीतरी आहे. मग गाणं सुरू झालं. किका बसल्या, इंजिन पेटलं आणि ड्रम असे काही सुटले की टेबलावरच्या टाचण्या नाचायला लागल्या. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. आईशप्पथ, काय गाणं होतं हो!

सगळे फोन एकदम वाजू लागले.

"अहो, बिघाड झालाय का? गाणं थांबतच नाहीये!" हा बेकरीवाला.

"पेशंट तोंड उघडून बसलाय," दंतवैद्य बाई ओरडल्या, "माझी प्रतिक्रिया घ्या आधी!"

"श्रोत्यांच्या हक्कांवर हा उघड घाला आहे," न्यायाधीश म्हणाले.

साहेब धावत आले. "बंद करा! आत्ताच्या आत्ता बंद करा!" मी जन्मात पहिल्यांदा वरिष्ठांना आडवा गेलो. बटणाला पाठ लावली आणि दोन्ही हात पसरले. खोटं कशाला सांगू, धमाल येत होती. कानाशी मोबाइल होता, त्यावर बायको कुजबुजत होती, "बाबा मांडीवर ताल धरतायत. आला का हो शेवट?"

"आलाच!" मी ओरडलो. गिटार वर वर चढत होती, गायक जीव तोडून ओरडत होता. आता येणार, आता येणार! आणि आवाज थोडा कमी झाला. मग आणखी कमी झाला.

मोबाइलवर सासऱ्यांची आर्त हाक ऐकू आली. "जावईबापू! गेला हो! कान गेला माझा!"

"बाबा, मलाही ऐकू येत नाहीये!" बायको रडायलाच लागली.

"प्रक्षेपण गेलं!" साहेब किंचाळले.

तंत्रज्ञ शांतपणे म्हणाला, "काही गेलं नाही, साहेब. हे गाणं असंच आहे. आवाज बारीक बारीक होत विरून जातो."

"मग शेवट?"

"शेवट नाहीच याला."

मी पलीकडे सगळं समजावून सांगितलं. मग सासरे असे खदखदून हसले, की मला मोबाइल कानापासून लांब धरावा लागला. "म्हणजे संपलंच नाही होय! अजून चालूच असेल की मग कुठेतरी!" दुसऱ्या दिवशी ते मांडीवर ताल धरतच शस्त्रक्रियेला गेले. कान वाचला.

केंद्रावर मात्र पेच पडला. त्या दिवशीही गाणं विरल्यावर दंतवैद्य बाई म्हणाल्याच होत्या, "काय तो शेवट!" साहेबांनी रात्रंदिवस विचार करून निर्णय दिला. प्रतिक्रिया रीतसर पडताळलेल्या आहेत, त्यांच्यावर शिक्के आहेत. तेव्हा शेवट आहेच. सदोष आहे ते गाणं. त्याला एक साजेसा शेवट तयार करून जोडण्याचं काम त्यांनी माझ्याकडे दिलंय.

त्याच गडबडीत मी ही हकीकत लिहायला घेतली. हिचा शेवट अजून लिहून व्हायचाय. पण तुम्ही आत्ताच कोणाला तरी कळवलंत ना, की शेवट वाचून अंगावर काटा आला? तुमचा निरोप इथे पोचलाय. निरीक्षक निघालेत, बाही वर करून ठेवा.