उखाच्या भगरीत बावीस गाड्या

"आमदार झालो म्हणून हाताची माती जात नसते," हे वाक्य आमदार डोंगरसिंग पावरा गेल्या तीन निवडणुका सांगत आले होते. तोरणमाळच्या पठारावर जन्म, आठव्या वर्षी बैलांमागं, विशीत सरपंच, चाळिशीत विधानसभा. हे सांगताना ते दोन्ही तळवे उंच करून दाखवत. तळवे आता लोण्यासारखे झाले होते, पण शेवटच्या रांगेतल्या माणसाला ते कुठून दिसणार?

या खेपेला सभा त्यांच्याच पाड्यावर होती आणि लहानपणचा सोबती उखा पहिल्या रांगेत बसला होता.

"डोंगऱ्या," उखा बसल्या जागेवरूनच म्हणाला. सारा जिल्हा त्यांना साहेब म्हणे, उखाला ते कुणी शिकवलं नव्हतं. "सोमवारी माझ्या भगरीच्या निंदणीची लाह आहे. येतोस?"

लाह म्हणजे पाड्याची जुनी रीत. आज सारे माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. मजुरी नाही, दुपारची भाकर घरधन्याची. आमदारकी लागल्यापासून डोंगरसिंगांच्या घरातून लाहेला जायची ती त्यांची बायको, रमिलाबाई.

"येतोस म्हणजे? सगळ्यांच्या पुढं असेन."

"ये मग. नाहीतर पुढच्या सालापासून तुला हाक द्यायची नाही, असं पंचांत ठरतंय. पाहुण्याला कशाला चिखलात ओढायचं?"

पाहुणा हा शब्द आमदारांच्या काळजात बाभळीच्या काट्यासारखा मोडला. मतं काय, पुन्हा मिळतात. पण ज्याला लाहेची हाक येत नाही, तो पाड्याचा उरत नाही.

"एकटे जा," रविवारी रमिलाबाई म्हणाल्या. "आणि आधी माझ्याबरोबर शेतात चला. भगर कशी असते ते एकदा बघून घ्या."

"मला भगर दाखवतेस? भगरीच्या पेंढ्यावर जन्मलोय मी."

"जन्मताना डोळे मिटलेले असतात."

पण एकटं जाणं आमदाराच्या हातात कुठं असतं? सोमवारी घाट चढताना ड्रायव्हर शब्बीरनं आरशात पाहिलं. तो शहाद्याचा, बोलायचा अहिराणीत.

"भाऊ, मांगे बावीस गाड्या शेतस."

"कोणाच्या?"

"ज्यासले ज्यासले तुमनाकडे काम शे, त्या समदासन्या."

कार्यकर्ते, ठेकेदार, बदलीसाठी झुरणारे तलाठी, सत्काराची शाल घेतलेले दोन हेडमास्तर. सगळे धुक्यातून उतरले. उखाचं शेत ओच्यात मावेल एवढं. त्याची बायको रेवाबाई हिनं वीस जणांच्या भाकरी थापल्या होत्या. तिनं धुक्यातून निघणारी माणसं पाहिली, पुन्हा पाहिली, आणि पिठाच्या डब्यात तोंड घालून किती उरलंय ते बघू लागली.

उखानं विळा दिला. डोंगरसिंगांनी तो मातीला एकदा टेकवला आणि पंधरा वर्षांच्या सवयीनं त्यांचा हात नारळासाठी आपोआप मागं गेला. टाळ्या पडल्या. आमदार हात जोडून गाडीकडं वळलेसुद्धा.

"भूमिपूजन नाही हे," उखा म्हणाला. "बस खाली."

आमदार बसले. आणि बसले ते असे सुटले, की जणू हरणामागं वारा. कोवळी भगर आणि तिच्यात उगवणारं गवत म्हणजे जुळ्या बहिणी. गवताच्या बुंध्याला जराशी लाली, एवढीच काय ती खूण. पण वेगात लाली कोण बघतो? आमदार जे उपटतील तेच मागचे शंभर जण उपटू लागले. वरिष्ठांच्या पुढं डोकं चालवायचं नाही, हे सगळ्यांच्याच अंगी मुरलेलं.

बांधावरच्या बायांनी पावरी बोलीत गाणं धरलं:

पुढं पुढं जातो कोण, हात त्याचा सुसाट गं,
भगर निजली बांधावर, गवत उभं ताठ गं.

तलाठ्यांना पावरी कळत नव्हती, त्यांनी ठेक्यात टाळ्या धरल्या. आमदार पहिल्या ओळीला हसले. दुसऱ्या ओळीला त्यांनी मागं वळून पाहिलं.

अर्धं शेत गवतानं डोलत होतं, निवडक, राखलेलं, सुंदर गवत. भगर बांधावर ढिगानं पडली होती.

उखानं ढिगातलं एक रोप उचलून तळहातावर धरलं. त्याच्या वर्षभराच्या खाण्याचा तो ढीग होता. डोंगरसिंगांना वाटलं, यानं शिव्या घातल्या तर किती बरं होईल.

बांधावरच्या बायांतून रमिलाबाई पुढं आल्या आणि त्यांनी पदर खोचला. "बघत काय उभे राहिलात? झिमझिम चालू आहे, मुळं ओली आहेत. आधी गवत काढा. लाल बुंधा दिसला तर उपटा, हिरवा दिसला तर हात जोडा. मग एकेक रोप परत लावा."

मग दिवसभर लावणी चालली. माणशी चतकोर भाकर मिळाली. ठेकेदारांनी जन्मात पहिल्यांदा खोल खड्डा घेतला. हेडमास्तर एकमेकांची ओळ तपासत होते. आमदार गुडघ्यापर्यंत चिखलात, पाठ धनुष्यासारखी, आणि प्रत्येक रोपापाशी बायकोला विचारत, "हे?"

"हे गवत."

"आणि हे?"

"ही तुमची चप्पल."

अंधारून यायच्या आत शेवटचं रोप उभं राहिलं. डोंगरसिंग उखासमोर गेले. "पुढच्या सालापासून हाक नको देऊस, उखा. मी समजून घेईन."

"का नको? आलास, वाकलास, संध्याकाळपर्यंत टिकलास. लाह झाली." उखानं त्यांच्या पाठीवर चिखलाचा हात ठेवला. "आता फेड माझ्याकडं आली. पण तुझं शेत तर वहिनी सांभाळते. तुझं काम विधानसभेत. ती कधी भरते?"

"डिसेंबरात. नागपूरला. का रे?"

"येतो एक दिवस, तुझ्या कामाला."

आमदार घाबरले. "अरे, तिथं कायदे असतात. कोणता ठेवायचा, कोणता काढायचा, तुला काय उमजणार?"

"नाही उमजणार," उखा शांतपणे म्हणाला. "तू पुढं बस. तू उपटशील ते मी उपटीन. दुपारनंतर वहिनीला बोलावू आणि सगळे मिळून परत लावू."