उणे पंचवीस अंशांत मिस्टर बघू

फ्रीजमधल्या बर्फाच्या खड्यात मधोमध एक पांढरट ढग असतो. पाणी बाहेरून आत गोठत जातं, त्यातली हवा मध्याकडे ढकलली जाते आणि तिथेच अडकते. हिमानीने खडा उजेडात धरून पाहिला आणि ताकाच्या पेल्यात टाकला. चीनमध्ये हार्बिनला हिवाळ्यात नदीतून कापलेल्या बर्फाचे मनोरे उभारतात, आत दिवे लावतात. तो स्वच्छ बर्फ उणे पंचवीस अंशांत उभं राहून पाहायचा, हे तिने सहा वर्षांपूर्वी ठरवलं होतं.

सहा वर्षं सुश्रुतचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, त्यावर एकच उत्तर होतं. "बघू."

नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातल्या त्यांच्या घरात याच उत्तरावर नवा सोफा आणि सायकलींची शेड अडकून पडली होती. यंदा हिमानीने सरळ प्रवास कंपनीला फोन लावला आणि स्पीकर सुरू ठेवला. सुश्रुत समोर गवार मोडत बसला होता.

"दोन प्रवासी," ती इंग्रजीत म्हणाली.

"दुसऱ्यांचं नाव?" पलीकडच्या डच बाईंनी विचारलं.

हिमानी सुश्रुतकडे वळली. "काय सांगू? येतोयस ना?"

"बघू."

"थँक यू, नोंद झाली," बाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी ईमेल आला. मिसेस हिमानी आणि मिस्टर बघू, एक खोली. नाव बदलायची मुदत शुक्रवार दुपारी बारापर्यंत.

"हे दुरुस्त कर," सुश्रुत म्हणाला.

"करते. तुझं नाव घालू, की जागाच रद्द करू?"

सुश्रुतने चष्मा पुसला. "शुक्रवारपर्यंत वेळ आहे ना? बघू की."

बुधवारी कंपनीने बर्फातल्या बुटांसाठी माप मागितलं. हिमानीने बघूसाठी त्रेचाळीस लिहिलं. जेवण शाकाहारी. खिडकीजवळची जागा तिने स्वतःला घेतली; बघूची हरकत नव्हती.

गुरुवारी प्रवाशांची यादी सगळ्यांना गेली. त्याच सहलीला जवळच्या आइंडहोव्हनच्या मराठी मंडळाची चिटणीस शुभदा निघाली होती. तिचा लगेच फोन आला.

"हिमानी, तुझ्या खोलीत हा बघू कोण गं?"

"सुश्रुतच आहे."

"सुश्रुतचं बघू कसं होतं?"

"सहा वर्षं लागली," हिमानीने खरं ते सांगितलं.

शुभदाचा विश्वास बसला नाही. संध्याकाळपर्यंत आइंडहोव्हनमधल्या निम्म्या मराठी घरांना कळलं की हिमानी कुणा बघूबरोबर चीनला चालली आहे. तिथून बातमी पुण्याला सासूबाईंकडे पोचायला जेमतेम तास लागला.

"सुनबाई, तो बघू करतो काय?" मालिनीबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं.

"काहीच करत नाही, आई."

"खाण्यापिण्याचं?"

"शाकाहारी आहे."

"तेवढं तरी बरं," मालिनीबाई म्हणाल्या. "सुश्रुतला द्या जरा."

सुश्रुत आईशी पाऊण तास बोलला. बहुतेक वेळ "आई, तो मीच आहे" एवढंच म्हणत होता.

शुक्रवारी पावणेबाराला तो ऑफिसातून तडक घरी आला. हातात लोकरीचे मोजे होते, लेबलसकट.

"मी येतो. आत्ताच्या आत्ता त्यांना कळव," तो म्हणाला. "कॅन्टीनमध्ये मंडळातला ईशान माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, धीर धर."

हिमानीने हातातलं काम बाजूला ठेवलं. "तुला बर्फ पाहायचाय?"

"बर्फात काय पाहायचंय? पण त्या बघूचं नाव आधी काढ."

"आणि तिथे? उणे पंचवीसात माझ्याबरोबर बाहेर थांबशील?"

"ते तिथे गेल्यावर..." सुश्रुतने पुढचा शब्द कसाबसा गिळला.

सहा वर्षं हिमानी त्याच्या होकाराची वाट पाहत होती. होकार मिळाला होता आणि त्यात हार्बिन कुठेच नव्हतं.

बाराला पाच कमी असताना फोन वाजला.

"मिस्टर बघूंच्या नावाचं काय ठरलं?" त्याच बाईंनी विचारलं.

सुश्रुतने मान पुढे केली. या वेळी हिमानी त्याच्याकडे वळली नाही.

"ते नाव काढा आणि दुसरं घालू नका," ती सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाली. बाईंनी ते परत वाचून दाखवेपर्यंत ती थांबली. मग फोन ठेवला आणि नोंदीत पुन्हा घोळ नको म्हणून तेच सुश्रुतला मराठीतही सांगितलं.

"मी एकटी जाणार आहे."