रावजी बाकावर बसला

नगरपालिकेने खाडीकाठची जुनी राई साफ केली, तिला सार्वजनिक उद्यान असे नाव दिले आणि उंडीच्या झाडाखाली सिमेंटचे एक बाक बांधले. तिथे जाऊन करायचे काय, हे गावात कोणालाच कळेना. माणूस झाडांत जातो तो लाकडाला, नाहीतर करवंदांना. सात महिने बाकावर फक्त कावळे बसले.

आठव्या महिन्यात मिठागरावरचा मुकादम रावजी बसला. छातीसाठी डॉक्टरांनी त्याला रोज संध्याकाळी तासभर झाडांची हवा सांगितली होती. पाणी घेऊन जाणाऱ्या बायजाने त्याला पाहिले. घरदार असलेला माणूस दिवेलागणीला एकटाच झाडाखाली, हाताला काम नाही, नजर पानांत. रावजी घरातून रुसून निघालाय, हे तिने वाटेतल्या अकरा घरांत सांगितले.

रुसून घर सोडलेल्या माणसाला पाच जणांनी पान-सुपारी घेऊन समजावायचे आणि त्याने तीनदा नाही म्हणून मग उठायचे, अशी त्या गावची रीत. शेजारचा अंबाजी चौघांना घेऊन आला.

"रावजी, झालं गेलं. चल घरी."

"मी रुसलोच न्हाय. हवा खातोय."

"एक," अंबाजीने बोट मिटले.

तीन बोटे मिटली तरी रावजी उठेना, कारण तास भरला नव्हता. चौथा नकार गावाने कधी ऐकला नव्हता. पाचही जण गंभीर झाले आणि त्यांनी रावजीच्या बायकोला, कोकिळेला बोलावले. ती लेकीने केलेले गरम घावने घेऊन आली.

"राहीचे बाबा, उठा आता. ऐतवारी पालीचे पाव्हणे पोरीला बघायला येणार हायत. बाप घर सोडून बसलेल्या घरात सोयरीक कोण करील?"

रावजीने घावने खाल्ले आणि तो उठला. तो रुसला होता, याला आता आणखी पुरावा नको होता. दुसऱ्या दिवशी मिठाच्या गाडीबरोबर बातमी पालीला गेली.

ऐतवारी गाडीतून एकटा मुलाचा बाप, दत्तात्रेयबुवा उतरला. घराकडे न येता त्याने बाग कुठे आहे ते विचारले. कोकिळेने सोयरीक मोडली असे समजून डोळ्यांना पदर लावला. रावजी धावत बागेत गेला. बुवा बाकावर बसला होता.

"तुम्हांला इथं घावने आणून दिले म्हणं. खरं का?"

"खरं."

"गरम?"

"व्हय."

बुवाने वर पानांकडे पाहिले. "तीस वर्षं मी घरातच रुसतोय, रावजी. कुणाच्या ध्यानातच येत न्हाय."

मग त्याने गाडीवानाकडून बायकोला निरोप धाडला. मी घर सोडलेय, पोरीचे काय ते तू येऊन समजूत काढलीस की बोलू. राहीची सोयरीक आता पालीहून येणाऱ्या पायांवर अडली होती. तिने गाडीवानाबरोबर होणाऱ्या सासूसाठी घावने बांधून दिले.

चार दिवस बुवा बाकावर होता. कोकिळा रोज घावने न्यायची. परक्या घरचे समजुतीत धरत नाहीत, असे सांगून तो ते खायचा. रात्री तेवढा अंबाजीच्या पडवीत निजायचा. पालीहून कोणी आले नाही.

पाचव्या दिवशी बुवाच्या बायकोचे कार्ड आले. अंबाजीने ते बागेतच, बुवा आणि रावजीसमोर मोठ्याने वाचले.

"घावने पोचले. मुलगी पसंत आहे. तिथी तुम्ही धरा. यांना लग्नापर्यंत तिथेच राहू द्यावे, इकडे बरे चालले आहे. सत्यवती."

बुवा जरासा सरकला आणि त्याने रावजीला बसायला जागा करून दिली.