बिनटेंडरचे गोमाजीभाऊ

निर्भयता हा सहकाराचा पाया आहे. आमच्या आरमोरीच्या बांधकाम कार्यालयात दरवर्षी कुणीतरी पाहुणा येऊन हे वाक्य म्हणायचा आणि समोर बसलेल्या मजूर संस्थांच्या अध्यक्षांकडे कौतुकानं बघायचा. त्या अध्यक्षांत मोहटोल्याचे गोमाजीभाऊ असायचे. त्यांची खुर्ची नेहमी दाराजवळ. पळावं लागलं तर जवळ पडावं म्हणून.

गोमाजीभाऊ जीपला भ्यायचे, शिपायाला भ्यायचे. टेलिफोन वाजला की उभे राहायचे. नव्यानंच झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात साहेब दर सहा महिन्यांनी बदलायचे आणि प्रत्येक नव्या साहेबाला ते नव्यानं भ्यायचे. विचारलं तर म्हणायचे, "भेव हाये, पन चाल्ते."

असा हा माणूस. आणि त्यांच्या संस्थेनं बांधलेल्या मोरीवरून बांबूनं भरलेला पहिला ट्रक जायचा, तेव्हा हा माणूस मोरीच्या खाली जाऊन बसायचा.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काही हरवलं असेल. ते वाकून नाल्यात उतरले, स्लॅबखाली उकिडवे बसले, दुपट्ट्याचं टोक दातांत धरलं, कानांत बोटं घातली आणि डोळे मिटले. ट्रक वरून धडधडत गेला. बराच वेळ ते बाहेरच आले नाहीत. मीच खाली वाकलो.

"गेला भाऊ ट्रक. या आता."

"पुरा गेला का?"

"पुरा गेला. पण बसता काऊन खाली?"

चिखलानं भरलेलं धोतर सावरत ते वर आले. "ठेकेदाराची मोरी वाहून गेली, तं लोक म्हन्तेत, पानी लय आलं होतं. आमची गेली, तं म्हन्तील, फुकटात भेटली होती. मंग आमची जात काढतील. थे आयकाले जित्तं राहाचं नाई मले."

फुकटात म्हणजे टेंडरविना. लहान कामं मजूर संस्थांना निविदा न मागवता द्यायची, असा नियम होता. ज्यांच्याकडे ट्रक नाही, मिक्सर नाही आणि मंत्र्याबरोबर काढलेला फोटो नाही, त्यांना ठेकेदारांशी भाव लावायला सांगण्यात अर्थ नाही, हे शासनाच्या लक्षात आलं होतं. नियम चांगला होता. मोहटोल्याच्या बौद्धवाड्यातली आणि शेजारच्या गोंडटोलीतली माणसं त्यावर घर चालवत होती. बायका गिट्टीची घमेली वाहत, पुरुष खोदत, आणि गोमाजीभाऊ सगळ्यांच्या वतीनं भीत.

गुलाबसेठ हे आमच्या भागातले मोठे ठेकेदार. सिमेंट कमी वापरायचे आणि हारतुरे भरपूर. बाजाराच्या दिवशी चहाच्या दुकानात गोमाजीभाऊ दिसले की त्यांचा एक ठरलेला विनोद असे.

"काय अध्यक्षसाहेब, यंदा ताटात काय वाढलं सरकारनं?"

दुकान हसायचं. गोमाजीभाऊही हसायचे, कारण न हसण्याचं त्यांना भेव वाटायचं. पण एकदा संस्थेच्या बायका मागेच उभ्या होत्या. त्यांच्यात पारबताबाई होती. बायकांच्या टोळीची ती म्होरकी, आणि तिची जीभ गोमाजीभाऊंच्या वाट्याचीही हिंमत घेऊन आलेली.

"अध्यक्ष, तो आपल्याले भिकारी म्हनून राह्यला, अन् तुमी हासून राह्यले?"

पुढच्याच सोमवारी गोमाजीभाऊ आमच्या साहेबांसमोर उभे होते. नव्या मोरीचं काम त्यांच्या संस्थेला द्यायचं ठरलं होतं. ते म्हणाले, "त्याचं टेंडर काढा."

टेंडर टाळायला आलेली माणसं साहेबांनी पुष्कळ पाहिली होती. मागायला आलेला हा पहिलाच.

"अहो, हे काम तुम्हाला असंच मिळतंय."

"तेच तं. असंच नोको. सेठच्या भावासमोर आमचा भाव ठेवा. सगळ्याईच्या समोर नाव वाचा."

"आणि सेठचा भाव कमी निघाला तर? पावसाळ्यापर्यंत तुमच्या लोकांच्या हाताला काम नाही."

"भेव हाये," गोमाजीभाऊ म्हणाले. पुढचे दोन शब्द यायला बराच वेळ लागला.

टेंडर निघालं. मग मोहटोल्यात एक जीप यायला लागली. दुपारी यायची, गोमाजीभाऊंच्या घरासमोर थांबायची, इंजिन चालू ठेवायची. आतलं कुणी उतरत नसे, बोलत नसे. "शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं," ते मला सांगत होते आणि सांगताना खिडकीकडे बघत होते. "चूप बसते अन् जाते. बायको म्हन्ते, कागद मांगं घ्या. आता घेतला तं पारबताबाई जित्तं ठेवत नाई."

आमच्याकडे टेंडरच्या दिवशी एक रिवाज असे. ठेकेदार आपसात काम आधीच वाटून घ्यायचे आणि त्यांची माणसं निविदांच्या पेटीभोवती उभी राहायची. बाहेरचा कुणी पाकीट घेऊन आला, की त्याच्या खांद्यावर हात पडायचा. त्या दिवशी अख्खा मोहटोला धुतलेले कपडे घालून समोरच्या मोहाच्या झाडाखाली येऊन बसला होता. आज आपलं नाव मोठ्यानं वाचतात, असं अध्यक्षांनी सांगितलं होतं.

व्हरांड्यात गुलाबसेठ आणि इतर ठेकेदार बाकावर चहा पीत होते. गोमाजीभाऊ पायरी चढले आणि थांबले. खांद्यावर हात पडेल म्हणून त्यांनी मान आधीच आखडून घेतली होती.

सेठनं पाय आवरून वाट दिली. "या, अध्यक्षसाहेब. टाका."

हात पडला असता तर ते इतके घाबरले नसते. पाकीट फटीत जाईना. दोन्ही हातांनी ढकललं, तेव्हा शेवटी एकदाचं गेलं.

मग सगळे बसून राहिले. दुसरं कुणीच उठलं नाही. वेळ संपली, कार्यालयाचा कारकून म्हणून मी पेटीचं कुलूप काढलं. पेटीत एकच पाकीट होतं.

सेठनं कप खाली ठेवला. "एकट्याच्या शर्यतीत नंबर नसते, भाऊ," एवढंच म्हणून ते जीपमध्ये बसले. नियम त्यांना आमच्यापेक्षा चांगला पाठ होता. एकच निविदा आली तर स्पर्धा झाली असं धरत नाहीत. ते पाकीट फोडायचंही नसतं. साहेबांनी तसा शेरा मारला आणि ते आत गेले.

गोमाजीभाऊ माझ्या टेबलाशी आले. "आता वाचा ना, बाबू."

"काय वाचू, भाऊ? फोडायचंच नाही ते."

त्यांनी मोहाखाली पाहिलं. सगळी माणसं उठून उभी राहिली होती. "वरचं नाव तं वाचा," ते हळूच म्हणाले.

मी पाकीट घेऊन पायरीवर गेलो आणि मोठ्यानं वाचलं, "मोहटोला मजूर सहकारी संस्था मर्यादित, मोहटोला, तालुका आरमोरी, जिल्हा गडचिरोली."

गोमाजीभाऊंनी माझी बाही धरली.

"अजून एक डाव वाचा. बाया मांगं हायेत, त्याईले आयकू आलं नाई."

बायकांना ऐकू गेलं होतं. पारबताबाईनं तर पदर सारखा करून मान ताठ केली होती. मी पुन्हा वाचलं.

पुढच्या आठवड्यात ते टेंडर नियमाप्रमाणे रद्द झालं, आणि मोरीचं काम मोहटोला संस्थेला टेंडर न काढता देण्यात आलं.