फणसवाडीतली फिरती गिरणी

फणसवाडीचा नकाशा माझ्या कानात आहे! डोळ्यांवर गोधडी बांधा, पोत्यात घालून भुलेश्वरला सोडा. नुसत्या आवाजांवर घरी येतो की नाही बघा. म्हणूनच तर पुतणी मनवा माझ्याकडे आली. ती अंधांसाठी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते. चित्र नाही, नुसते आवाज. हेडफोन लावायचा आणि खुर्चीत बसून अख्खी वाडी फिरायची. इकडे देवळाची घंटा, तिकडे बसचा ब्रेक. रस्ता पाठ झाला की काठी घेऊन खरोखर निघायचं.

"काका, वाडीतले आवाज रेकॉर्ड करून द्याल? जसे आहेत तसे हां!"

जसे आहेत तसे? मी? आमच्या घराण्यात कोणी साधी शिंकसुद्धा जशीच्या तशी सांगितलेली नाही!

कोपऱ्यावरची पिठाची गिरणी दिवाळीत बंद पडली. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. कव्हरांना कसला आलाय आवाज? कोपरा अगदीच अळणी वाटला. मग मीच तोंडाने गिरणी चालवून रेकॉर्ड केली. घर्रर्र! इतकी हुबेहूब, की शेजारच्या शांताबाई गव्हाचा डबा घेऊन आल्या!

पलीकडच्या बिऱ्हाडातली मधुरा जन्मापासून अंध. तो खेळ ती महिनाभर खेळली आणि तिला नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं.

"मी एकटी जाणार. कोणी मागे आलंत तर बघा!"

"जा बाई," तिची आई म्हणाली, "पण चुकलीस तर पुन्हा हा हट्ट नाही."

जिन्यात मधुरा मला म्हणते, "सोप्पंय काका. गिरणी आली की उजवीकडे!"

"अगं..." म्हणेपर्यंत तिची काठी टकटक करत खाली पोचलीसुद्धा. गिरणी आलीच नाही तर पोरगी सरळ जाणार, मोठ्या रस्त्यावर, बसच्या तोंडात! लेंगा सावरत मी मागच्या बोळातून धावलो आणि कोपरा गाठला. हाक मारावी तर मागे आल्याचं कळणार. उभा राहिलो कव्हरांच्या दुकानासमोर आणि केली सुरुवात, "घर्रर्रर्र!"

"अरे, काकांना फिट आली!" दुकानदार ओरडला.

मी हातांनी 'नाही, नाही' करतोय, तर लोकांना वाटलं झटके येतायत! भाजी घेऊन चाललेल्या शांताबाईंनी नाकाला कांदा लावला. थांबून सांगावं तर गिरणी बंद पडते! चौघांनी मला उचललं आणि पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यात आडवं केलं. घाबरून माझं तोंडच थांबेना. घर्रर्र!

गिरणीच्या आवाजामागे वळत आलेली काठी दारात वाजली.

"नमस्कार. मी मधुरा. मुलाखतीसाठी आले."

"जीभ दाखवा," डॉक्टर मला म्हणाले.

मधुरा थबकली. तिने डेटॉलचा वास घेतला.

"मनूकाका? गिरणी तुम्ही?"

"दिवाळीपासून... हो."

"आणि देवळाची घंटा?"

"ती खरी! शपथ!"

"बरं. आता जरा गप्प बसाल? मला रस्ता ऐकायचाय."

डॉक्टर सोबत यायला उठले. तिने हातानेच थांबवलं. उंबऱ्यावर उभी राहून घंटा ऐकली, बसचा ब्रेक ऐकला आणि निघाली.

मी तोंड घट्ट मिटून पडलो. बाहेर हॉर्न वाजला की मी मान उचलून ऐकायचो. ब्रेक करकरला की मी टेबलावर वीतभर उडायचो. शांताबाई पाणी देतायत, डॉक्टर कसं वाटतंय विचारतायत; मी चकार शब्द काढला नाही. कितीतरी वेळाने शांताबाईंचा फोन वाजला.

"मधुरा आहे! वेळेत पोचली म्हणते!"

मी नुसते हात जोडले. तोंड उघडायची हिंमत होईना.

डॉक्टरांनी माझी नाडी धरली आणि त्यांचा चेहरा पडला. "मघाशी मला साधी फिट वाटली होती. पण मनूकाका गप्प? यांना ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात हलवा!"